यंत्र जागे, जोडणी झोपलेली



कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की शहाडनंतर आंबिवली स्टेशन लागते. त्या आंबिवलीला खेटून, उल्हास नदीच्या काठी, मोहने गाव आहे. जुन्या मंडळींना हे नाव रेयॉनच्या कारखान्यामुळे ठाऊक असते. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडच्या 'एनआरसी'चा, तो कारखाना २००९ साली बंद पडला. पण त्याच्या पाळ्यांवर ज्यांच्या घरच्या जेवणाच्या वेळा ठरत, अशी माणसे गावात अजून आहेत. दुसरी ओळख पाण्याची. मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी नदीचे पाणी उचलतात आणि ते शुद्ध होऊन कल्याणकडच्या नळांना येते.

आजचा माझा विषय ना रेयॉनचा, ना पाण्याचा. संगणक सुरू होतो, पडदा उजळतो, पण शेजारच्या संगणकांशी त्याची जोडणी काही केल्या उभी राहत नाही. अशा वेळी काय करावे, एवढेच मला सांगायचे आहे. त्यातही ज्या संगणकांवर लिनक्स नावाची कार्यप्रणाली असते, त्यांच्यापुरतेच. विषय शहरी वाटेल. पण आज गावोगावच्या शाळांतून संगणक आहेत, आणि ते बिघडले म्हणजे दुरुस्तीवाला तालुक्याहून यायला आठवडा लागतो, हे शिक्षकांना मी सांगायला नको.

लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला आणि सर्वांना खुला करून दिला. विकत घ्यावा लागत नाही, जुन्या यंत्रावरही चालतो, म्हणून शाळांना तो परवडतो. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यात खैराट धनगरवाडा या लहानशा वस्तीवरच्या शाळेत मुलांच्या हाती हिरवे-पांढरे छोटे संगणक आले, तेही लिनक्सवरचेच होते; आणि मौज अशी की ते तारेवाचून आपसांत जोडले जाऊन एकमेकांशी बोलत. तेव्हा हे वारे खेड्यापाड्यांकडून येऊन गेलेले आहे.

आता माझी हकीकत. २७ जुलै २०१९ चा शनिवार. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली आणि हजारभर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले, तो हाच दिवस. तेच उल्हासचे पाणी खाली आमच्याकडे आले. नदीकाठच्या सखल वस्त्यांतून घराघरांत शिरले. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाद्या, धान्य, कपडे वाळत घातले, आणि त्यांच्याच रांगेत मुलांची पुस्तके. भिजलेले पुस्तक वाळते, पण उघडत नाही. पाने एकमेकांना चिकटून त्याची वीट होते. आमच्या भागातल्या एका शाळेत दहावीच्या वर्गातल्या कितीतरी मुलांची अशीच गत झाली, आणि चाचणी परीक्षा दहा दिवसांवर होती.

शाळेत पहिल्या मजल्यावर संगणकाची खोली. पंधरा संगणक मुलांचे आणि कोपऱ्यात एक जरा मोठा, त्याला सगळे 'थोरला' म्हणत. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर वाचण्याजोग्या रूपात मिळतात. ती सगळी उतरवून थोरल्यात ठेवलेली होती, आणि पंधरा जणांना ती तो वाटून देई. बाहेरच्या इंटरनेटची गरज नाही. ही सगळी मांडणी माझ्याच हातची. मी तोवर निवृत्त झालो होतो, पण विज्ञानाच्या शिक्षकाला घरी बसवत नाही.

पाणी त्या खोलीपर्यंत चढले नाही. पण दोन दिवस वीज येत-जात राहिली आणि तिच्या एका झटक्यात थोरल्याचे नेटवर्क कार्ड जळाले. नेटवर्क कार्ड म्हणजे, ज्या पट्टीत जाळ्याची तार खोचतात ती. ते काढून त्याच खाचेत नवे बसवले. हिरवा दिवा लुकलुकला. बाईंनी यंत्र सुरू केले आणि पडद्यावर ओळ आली, तीत इंग्रजीत लिहिलेले, 'फेल्ड टु स्टार्ट, एलएसबी, ब्रिंग अप-डाउन नेटवर्किंग'. मुलांच्या पडद्यांवर एकही पुस्तक नाही.

बाईंनी दूरध्वनी केला, मी गेलो. तोपर्यंत यंत्र चार वेळा बंद करून चालू करून झाले होते. श्रोतेहो, बंद करून चालू करणे हा उपाय नव्हे, तो नवस आहे. कधी पावतो, पण का पावला ते कळत नाही. शिपाईमामा मला म्हणाले, "सर, दिवा तर पेटतोय, मग दुखतंय कुठं याला?" मला वाटते, सबंध प्रकरणात खरा प्रश्न त्यांनीच विचारला. एक उत्साही माजी विद्यार्थी म्हणत होता की सगळे पुसून टाकू, नव्याने लिनक्स चढवू, अर्ध्या तासाचे काम. अर्ध्या तासाचेच होते. पण त्यात पुस्तकेही पुसली गेली असती, आणि ती पुन्हा उतरवायला त्या आठवड्यात धड जोडणी गावात कोणाकडेच नव्हती.

त्या ओळीचा अर्थ आधी सांगतो. लिनक्समध्ये पडद्यामागे राबणारे पुष्कळ गडी असतात. कोणी घड्याळ सांभाळतो, कोणी छपाई, कोणी जाळ्याची जोडणी. या गड्यांना 'सर्व्हिस' म्हणतात. यंत्र सुरू झाले की एक मुकादम त्या सर्वांना हाका मारून उठवतो. या मुकादमाचे नाव 'सिस्टमडी'. तो २०१० साली आला, २०११ साली फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने त्याला पहिल्यांदा कायमचा कामावर घेतला, आणि पुढे बहुतेकांनी घेतला. एलएसबी ही अक्षरे त्याआधीच्या रिवाजाची. जुन्या पद्धतीने लिहिलेला एखादा गडी नव्या मुकादमाच्या हाताखाली काम करू लागला की त्याच्या नावामागे ही खूण दिसते. तेव्हा सबंध वाक्याचा अर्थ इतकाच की जोडणी उभी करणारा जुना गडी उठला नाही. का उठला नाही, हे त्या ओळीत नाही. लोक तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसतात.

कारण शोधायची रीत नळासारखी आहे. घरी नळाला पाणी आले नाही, तर शहाणा मनुष्य तोटी बदलत नाही. नदीला पाणी आहे का, पंप चालू आहे का, टाकी भरली का, वाटेतला व्हॉल्व्ह उघडा आहे का, असे तो विचारत येतो, आणि जिथे 'आहे'चे 'नाही' होते, तिथे थांबतो. येथेही तसेच. तार, मग कार्ड, मग कार्डाची नोंद, मग पत्ता, मग पुस्तके वाटणारा गडी.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर दोन आज्ञा लिहून घ्या. रेडिओवर अक्षरे दाखवता येत नाहीत, म्हणून सावकाश सांगतो. पहिली : एस, वाय, एस, टी, ई, एम, सी, टी, एल, हे सगळे सलग आणि लहान लिपीत, मग एक जागा सोडून 'स्टेटस', मग एक जागा सोडून 'नेटवर्क'. ही आज्ञा म्हणजे मुकादमाला विचारणे, की बाबा रे, या गड्याची आज काय अवस्था आहे. उत्तरात 'अ‍ॅक्टिव्ह' आले तर उठला आहे, 'फेल्ड' आले तर पडला आहे. 'इनॅक्टिव्ह' आले, तर त्याला कोणी हाकच मारलेली नाही, आणि तो आजार निराळा.

दुसरी आज्ञा अधिक मोलाची. जे, ओ, यू, आर, एन, ए, एल, सी, टी, एल, सलग, जागा सोडून आडवी रेघ आणि तिला चिकटून बी, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि यू, मग 'नेटवर्क'. बी म्हणजे या खेपेला यंत्र सुरू झाल्यापासूनचे, यू म्हणजे अमुक गड्यापुरते. ही यंत्राची रोजकीर्द आहे. दुकानातला मुनीम जसा दिवसभरचा प्रत्येक व्यवहार वेळेसह मांडतो, तसे यात सगळे मांडलेले असते. वाचायची ती वरून खाली. पुष्कळ जण शेवटची ओळ वाचतात, कारण ती लाल असते. पण शेवटची ओळ बहुधा 'मी पडलो' एवढेच सांगते. ठेच कुठे लागली ते तिच्या चार ओळी वर असते.

आमच्या रोजकीर्दीत ते अगदी स्पष्ट लिहिलेले निघाले. कार्डाचे नाव, आणि पुढे इंग्रजीत असे, की या कार्डाचा मॅक पत्ता अपेक्षेपेक्षा वेगळा आहे, म्हणून सोडून देत आहे.

मॅक पत्ता म्हणजे काय? कारखान्यातून निघतानाच प्रत्येक नेटवर्क कार्डाला एक क्रमांक मिळतो. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे. जमिनीला जसा गट नंबर, तसा हा कार्डाचा. थोरल्यावर त्या वेळी सेंटओएस ७ हा लिनक्सचा प्रकार होता. त्यात प्रत्येक कार्डासाठी एक छोटी फाईल असे : कार्डाचे नाव काय, त्याने कोणता पत्ता घ्यायचा, यंत्राबरोबर उठायचे की नाही. त्याच फाईलीत, वाटल्यास, हा मॅक क्रमांकही लिहून ठेवता येई. मी तो दोन वर्षांपूर्वी मोठ्या काळजीने लिहिला होता. आता कार्ड बदलले. खाच तीच म्हणून नाव तेच राहिले, क्रमांक मात्र निराळा. गडी दारावर उभा, हातात जुनी चिठ्ठी. आलेल्या पाहुण्याचे नाव जुळते, गट नंबर जुळत नाही. त्याने पाहुण्याला आत घेतले नाही. त्याचे काय चुकले?

खरा क्रमांक पाहायला 'आयपी लिंक' अशी आज्ञा आहे. आय, पी, जागा, आणि लिंक. ती प्रत्येक कार्ड व त्याचा क्रमांक दाखवते. याच उत्तरात 'नो कॅरिअर' असे शब्द दिसले, तर मात्र पुढे जाऊ नका. तार सैल आहे किंवा पलीकडचा डबा बंद आहे. आमच्याकडे ते शब्द नव्हते. मी क्रमांक वहीत उतरून घेतला, फाईलीतला जुना क्रमांक खोडून नवा घातला, आणि त्या गड्याला पुन्हा हाक मारली. यंत्र बंद करण्याची गरज नाही बरं का. 'स्टेटस'च्या जागी 'रीस्टार्ट' म्हटले की एकट्या गड्याला उठवता येते.

मुलांच्या संगणकावरून थोरल्याला साद घालून पाहिली. या सादेला 'पिंग' म्हणतात. साद पोहोचली, उत्तर आले. बाईंनी टाळी वाजवली. पण पुस्तक उघडायला गेलो, तर पडदा कोरा.

पुन्हा मुकादमाला विचारले. जोडणीच्या गड्यापुढे अजूनही 'फेल्ड'. जोडणी तर चालू आहे, साद जाते-येते, आणि पाटीवर मात्र 'बंद'! माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, पाटी खोटी बोलतेय. सोडा की." पुस्तके वाटणाऱ्या गड्याची अवस्था पाहिली. तिथे लिहिले होते, 'डिपेन्डन्सी फेल्ड', म्हणजे ज्याच्यावर मी अवलंबून आहे तो पडला. आणि हे त्याला सांगून ठेवणारा मीच. त्याच्या फाईलीत मी 'रिक्वायर्स' म्हणून लिहिले होते, की जोडणीचा गडी नीट उठला असे मुकादमाने म्हटल्याशिवाय तू उठायचे नाहीस. तो बिचारा शब्दाला जागत होता.

मग जोडणी चालू असून पाटीवर बंद का? रोजकीर्द पुन्हा वरून वाचली. मघाचीच तक्रार, मॅक पत्ता वेगळा. क्षणभर वाटले, आपण फाईल राखलीच नाही. पण नीट पाहिले तेव्हा तक्रारीच्या आधी जे नाव होते त्याला एक शेपूट होते. कार्डाचे नाव, मग आडवी रेघ, आणि 'जून'.

ते शेपूट पाहिल्याबरोबर माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्याच वर्षी जून महिन्यात, शाळा उघडताना, मी त्या फाईलीत काही किरकोळ फेरफार केला होता. हात लावण्यापूर्वी नक्कल काढून ठेवावी, ही माझीच शिकवण. मी नक्कल काढली, नावापुढे 'जून' जोडले, आणि ती त्याच कप्प्यात ठेवून दिली. आता हा जुना गडी काय करतो? कप्प्यातल्या, ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फाईली तो एकेक करून उचलतो आणि प्रत्येकीला एक जोडणी समजतो. नावाच्या शेवटी टिंब देऊन 'बॅक' किंवा 'ओल्ड' लिहिले असेल, तर ती नक्कल आहे हे त्याला कळते आणि ती तो वगळतो. 'जून' म्हणजे जुने की ज्येष्ठ-आषाढ, हे त्याला कुठून ठाऊक? जूनपासून तो रोज दोन्ही फाईली उचलत होता. दोन्हींत मजकूर जवळजवळ एकच, कार्ड एकच, म्हणून निभावत होते. आता खऱ्या फाईलीत नवा क्रमांक, नकलेत जुना. खरी जोडणी उभी राहिली, नकलेची पडली. आणि या गड्याचा हिशेब असा, की दहांपैकी एक जरी जोडणी पडली, तरी सबंध कामच पडले म्हणायचे.

म्हणजे वीज नव्हे, पाणी नव्हे, नवे कार्डही नव्हे. निम्मा दोष माझ्या नकलेचा. मी तो बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे नक्कल काढायची नाही का, सर?" काढायची, पण दुसऱ्या कप्प्यात ठेवायची. नक्कल उचलून माझ्या स्वतःच्या कप्प्यात नेली, गड्याला पुन्हा हाक मारली. हिरव्या अक्षरांत 'अ‍ॅक्टिव्ह'. मग पुस्तकांच्या गड्याला हाक मारली. तोही उठला. भूमितीचे पुस्तक पंधरा पडद्यांवर एकदम उघडले तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते.

आता हकीकत बाजूला ठेवून, जे आजार वारंवार दिसतात त्यांतले काही सांगतो. सगळे सांगता येणार नाहीत.

सर्वांत फसवा आजार दोन मुकादमांचा. जोडणी सांभाळणारा एक नवा कारभारी आहे, त्याचे नाव 'नेटवर्क मॅनेजर'. तो २००४ पासून आहे, आणि आता बहुतेक ठिकाणी तोच काम पाहतो. सेंटओएस ७ मध्ये हा नवा आणि तो जुना, दोघेही हजर असत. एकाच यंत्रावर दोन मुकादम ठेवले, म्हणजे एक पट्टा चढवतो आणि दुसरा उतरवतो. कारखान्यात काम केलेल्या माणसाला याचे वर्णन करून सांगावे लागत नाही. थोरल्यावर मी नव्याला मुद्दाम रजा दिली होती. कोणाला रजा द्यावी याबद्दल तेव्हा वाद चालत. माझे मत विचाराल, तर आज नव्यालाच ठेवा. जुना गडी आता जवळजवळ सेवानिवृत्त आहे. सेंटओएस ७ ची देखभालच ३० जून २०२४ रोजी थांबली, आणि त्या घराण्याच्या नव्या प्रकारांत तो जुना गडी दिलेलाच नसतो. मात्र कोणीही ठेवा, एकालाच ठेवा.

दुसरा, एकाच पत्त्यावर दोन जण राहायला आल्याचा. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. थोरल्याला जो पत्ता ठरवून दिला, तोच नेमका कोणाच्या तरी भ्रमणध्वनीने आधी घेऊन ठेवला, तर तो जुना गडी उठण्यापूर्वी हाक मारून पाही की या पत्त्यावर कोणी आहे का; आणि 'आहे' असे उत्तर आले, की निमूटपणे परत फिरे. रोजकीर्दीत तसे स्पष्ट लिहिलेले असते. यावर उपाय, पत्ते वाटणाऱ्या डब्याला सांगून ठेवणे की हे अमुक आकडे राखीव, कोणाला द्यायचे नाहीत.

तिसरा आजार खास आपला मराठी माणसांचा आहे, आणि तो इंग्रजी पुस्तकांत मिळायचा नाही. संगणकावर मराठी लिहून झाल्यावर कळफलक तसाच मराठीवर राहतो, आणि मग त्या फाईलीत पत्त्याचे आकडे देवनागरीत उमटतात. आपल्याला १९२ म्हणजे १९२च दिसते. आपले डोळे दोन्ही आकडे सारखेच वाचतात. यंत्राला मात्र ते आकडे वाटतच नाहीत. एका बाईंनी दोन दिवस त्यावर घालवले. मजकूर पुन्हा पुन्हा तपासला, एक आकडा चुकलेला नाही, आणि खरोखरच चुकलेला नव्हता. तसेच बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही अंगांना हौसेने सोडलेली जागा. आपण शुद्धलेखन म्हणून सोडतो. त्या जुन्या फाईलींत ती चालत नाही.

उबुंटू नावाच्या प्रकारात हे अजून नाजूक आहे. तेथे २०१७ पासून 'नेटप्लॅन' नावाची फाईल आली. तिच्यात कोणती ओळ किती जागा सोडून सुरू होते, यावर अर्थ ठरतो. आणि टॅबची कळ दाबून जागा सोडली, तर ती फाईल सरळ नाकारली जाते. एक सोय मात्र तिने फार चांगली ठेवली आहे. 'नेटप्लॅन ट्राय' म्हटले की बदल तात्पुरता लागू होतो, आणि दोन मिनिटांत आपण होकार दिला नाही, तर जुनी मांडणी परत येते. दूर गावच्या यंत्राची जोडणी दुरून बदलताना, आपणच बसलेली फांदी तोडण्याचा धोका तिने टळतो. डेबियन या प्रकारात बहुधा नावाची गल्लत होते. कार्डांची नावे ते कोणत्या खाचेत बसले आहे त्यावरून पडतात; नवे काही यंत्रात खोचले की कधी कधी जुन्या कार्डाचेही नाव बदलते, आणि फाईल जुन्याच नावाने हाका मारीत राहते. येथेही 'आयपी लिंक' ही आज्ञा खरे नाव सांगते.

आणि जोडणी ठीक असूनही पुस्तके वाटणारा गडी उठत नाही, तेव्हा खिडकी पाहावी. टपाल कचेरीत जशा खिडक्यांना क्रमांक असतात, तशा यंत्रालाही असतात; त्यांना पोर्ट म्हणतात. एका खिडकीवर दोन कारकून बसू शकत नाहीत. दुसरा आला की रोजकीर्दीत 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' अशी नोंद पडते. खिडकीवर कोण बसले आहे हे पाहण्यासाठी 'एसएस' अशी दोनच अक्षरांची आज्ञा आहे. तिच्यापुढे आडवी रेघ देऊन एल, टी, एन, पी ही चार अक्षरे जोडावीत. मात्र ही आज्ञा मुख्य वापरकर्त्याच्या अधिकाराने द्यावी, नाही तर खिडकी दिसते पण कारकुनाचे नाव दिसत नाही.

शिक्षकांपैकी कोणाला हे सारे डोळ्यांनी पाहून शिकायचे असेल, तर मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाने लिनक्सचे छोटे पाठ तयार केले आहेत. त्यांतले बरेचसे मराठीतूनही आहेत आणि ते विनामूल्य पाहता येतात. माझ्यासारख्याच्या तोंडून अक्षरे ऐकण्यापेक्षा ते बरे.

थोरला आता नाही. त्याच्या जागी दुसरे यंत्र आले, त्यावर डेबियन आहे. पण त्या दिवशी मी ज्या वहीत कार्डाचा क्रमांक उतरून घेतला होता, ती दोऱ्याने यंत्राच्या मेजाला बांधलेली आहे. शंभर पानी, शाळेच्या भांडारातली. काय बदलले, कोणी बदलले, तारीख काय आणि नक्कल कुठे ठेवली, असे चार रकाने बाईंनी आखले. पहिल्या ओळीत 'कोणी' या रकान्यात त्यांनी माझे नाव घातले आणि 'नक्कल कुठे' या रकान्यात लिहिले, चुकीच्या कप्प्यात. पुढे मुलांनीही त्या वहीत लिहायला सुरुवात केली. परवा गेलो होतो तेव्हा पाहिले, नववीतल्या एका मुलीने लिहून ठेवले होते : तार सैल होती, घट्ट केली, बाकी कशाला हात लावला नाही.